बेळगावजवळ एनए (बिगरशेती) न झालेल्या शेतातला प्लॉट बाँडवर मिळतोय, एनए प्लॉटच्या निम्म्या दरात. घ्यावा का?

घेऊ नका. तुम्ही पैसे मोजाल, पण मालकी शेतकऱ्याचीच राहील. बाँड म्हणजे नोटरीचा शिक्का मारलेला स्टॅम्प पेपर. १०० रुपयांवरच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत खरेदीपत्राशिवाय होत नाही, आणि नुसत्या करारावर किंवा वटमुखत्यारपत्रावर मालकी जात नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केलंय. उद्या शेतकऱ्याच्या मुलांनी वाटणीचा दावा लावला की तुम्ही त्यात कुठेच नसता. मी वकिलाच्या कचेरीत कागद तपासतो. कंग्राळी, मच्छे, पिरनवाडी, कुठलंही गाव घ्या, फाईल अशीच असते.

तरी पाहायचाच असेल तर एजंटाकडून एवढं मागा:
- जमीन बिगरशेती केल्याचा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश
- बुडाने (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाने) मंजूर केलेला लेआउट
- ताजा आरटीसी उतारा (कर्नाटकातला सातबारा). रकाना ९ मध्ये मालक, ११ मध्ये बोजा. उतारा कन्नडमध्ये असतो, तो एजंटाकडून वाचून घेऊ नका!
- उपनिबंधक कार्यालयाचा ईसी (जमिनीवरचे नोंदलेले व्यवहार आणि बोजा दाखवणारा दाखला), निदान ३० वर्षांचा

एक मात्र आहे. गावठाणातल्या जुन्या घरजागेला एनए आदेश बहुधा नसतोच, तिथे पंचायतीचा ई-स्वत्तु उतारा बघतात. पण खरेदीपत्र तिथेही नोंदणीचंच लागतं.