विष सापडलं नाही तरी फाशीची शिक्षा? डॉ. लागू खटल्याबद्दल थोडं सविस्तर

इथे विचारलेला प्रश्न असा आहे: शवविच्छेदनात आणि व्हिसेराच्या, म्हणजे प्रेतातून काढून ठेवलेल्या अवयवांच्या, तपासणीत विष सापडलंच नाही, तर विषप्रयोगाने खून केल्याचं सिद्ध होऊ शकतं का? आणि पुण्याच्या एका डॉक्टरला असं असतानाही फाशीची शिक्षा झाली होती म्हणतात, ते खरं का?

दोन्हीचं उत्तर हो. पण खालच्या उत्तरांत काहींनी या खटल्याला 'परफेक्ट मर्डर' म्हटलंय आणि एकाने 'संशयावर फाशी दिली' असं लिहिलंय. दोन्ही चूक आहे. मी फौजदारी वकिली करते. ऑफिसात नवीन ज्युनिअर आला की हा निकाल मी त्याला पहिल्यांदा वाचायला देते, म्हणून जरा वेळ काढून लिहिते.

लक्ष्मीबाई कर्वे या पुण्यातल्या शुक्रवार पेठेतल्या सधन विधवा. मधुमेहाच्या रुग्ण. डॉ. अनंत चिंतामण लागू त्यांचा डॉक्टर, आणि पुढे पैशाअडक्याचे व्यवहारही तोच बघू लागला. १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री मुंबईच्या तज्ज्ञ डॉक्टरांना प्रकृती दाखवायची म्हणून तो त्यांना घेऊन पुण्याहून पॅसेंजरने निघाला. गाडीत बसल्या तेव्हा बाई शुद्धीवर होत्या. पहाटे गाडी बोरीबंदरला लागली तेव्हा त्या बेशुद्ध होत्या. त्याने त्यांना गोकुळदास तेजपाल, म्हणजे जी.टी. हॉस्पिटलात दाखल केलं आणि नाव सांगितलं इंदुमती. आडनावही खोटंच. यांना हिस्टेरियाचे झटके येतात, असा इतिहास सांगितला. बाई शुद्धीवर आल्याच नाहीत. १३ तारखेलाच त्या गेल्या.

आता पुढचं नीट वाचा, कारण खटला खऱ्या अर्थाने इथे सुरू होतो. हॉस्पिटलने पुण्याला तार केली की इंदुमती वारल्या, प्रेत घेऊन जा. लागू गेला नाही. बाईंचा भाऊ येऊन ताबा घेईल असं कळवलं. त्या नावाचा कोणी भाऊ नव्हताच. प्रेत जे.जे.च्या शवागारात पडून राहिलं. कोणी न्यायला येत नाही म्हटल्यावर ते बेवारस ठरलं, आणि बेवारस प्रेतं वैद्यकीय महाविद्यालयाला विच्छेदनासाठी द्यायची कायदेशीर सोय होती. तसं ते दिलंही गेलं. तिथे कुणाच्या तरी नजरेला मानेवर एक खूण दिसली, पोलिसांना कळवलं गेलं आणि म्हणून शवविच्छेदन झालं. तोवर सुमारे दहा दिवस उलटले होते. गळा दाबल्याचं काही निघालं नाही. व्हिसेरा सरकारी रासायनिक तपासनिसाकडे, म्हणजे केमिकल अॅनालायझरकडे गेला, विष सापडलं नाही. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी कारण दिलं मधुमेहाची मूर्च्छा, डायबेटिक कोमा.

म्हणजे कागदोपत्री प्रकरण मिटलं होतं. इंदुमती नावाची कुणीतरी बाई मुंबईत मधुमेहाने वारली. तिकडे पुण्यात लक्ष्मीबाईंचे नातेवाईक वाट बघत होते. त्यांना पत्रं येऊ लागली. लक्ष्मीबाईंच्या नावची. मी तीर्थयात्रेला गेले आहे, मग मी जोशी नावाच्या गृहस्थांशी लग्न केलं आहे, आता जयपूरजवळ राठोडी इथे असते, माझा शोध करू नका. प्रौढ वयाची, मधुमेहाने त्रस्त, पुण्यातल्या जुन्या वळणाची विधवा, घरादाराला काही न सांगता राजस्थानात जाऊन लग्न करते. नातेवाइकांना हे पटेना, आणि तेच या प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं काम झालं. ते गप्प बसले नाहीत, अर्ज करत राहिले. मधल्या काळात बाईंचे शेअर, बँकेतली रक्कम, घरातलं सामानसुमान लागूने आपलंसं केलं होतं. विचारणाऱ्याला तो बाई हयात असल्याचंच सांगत होता. १९५८ साली अटक झाली. पुण्याच्या सत्र न्यायालयाने फाशीची शिक्षा दिली, मुंबई हायकोर्टाने ती कायम केली आणि सुप्रीम कोर्टाने १४ डिसेंबर १९५९ रोजी अपील फेटाळलं.

आता मूळ मुद्दा. विष सापडलं नाही, याचा अर्थ काय?

ज्यांनी व्हिसेराची भरणी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. रुंद तोंडाच्या दोन बाटल्या असतात. एकीत जठर, त्यातला ऐवज आणि लहान आतड्याचा तुकडा. दुसरीत यकृत, प्लीहा, मूत्रपिंड यांचे तुकडे. वर संपृक्त मिठाचं पाणी. रक्त वेगळ्या बाटलीत. जे मीठ वापरलं त्याचाही नमुना सोबत पाठवतात, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की विष मिठातच होतं. लाखेचं सील, चिठ्ठी, सीलचा नमुना. मग ते पोलीस शिपायाच्या हाती प्रयोगशाळेत जातं आणि महिन्यांनी एक ओळ येते: विष आढळले नाही. या ओळीचा खरा अर्थ इतकाच की पाठवलेल्या नमुन्यांत, त्यावर केलेल्या चाचण्यांना, विष आढळलं नाही. त्या माणसाला विष दिलंच नव्हतं, असं ती ओळ म्हणत नाही. काही द्रव्यं शरीरात झपाट्याने विघटित होतात. काही कुजण्याच्या प्रक्रियेत हरवतात. काहींसाठी त्या काळी चाचणीच नव्हती.

इन्सुलिनचं उदाहरण घ्या. लक्ष्मीबाई गेल्या त्यानंतर काही महिन्यांनी, मे १९५७ मध्ये, इंग्लंडात ब्रॅडफर्डला केनेथ बार्लो नावाच्या पुरुष नर्सची बायको न्हाणीच्या टबात मेलेली सापडली. बुडून मेली असं दिसत होतं. तपासणाऱ्या डॉक्टरांनी भिंग घेऊन अख्खी त्वचा तपासली, तेव्हा नितंबावर सुईच्या खुणा सापडल्या. तिथली ऊती काढून तिचा अर्क उंदरांना टोचला, उंदीर इन्सुलिन दिल्यासारखे वागून मेले, आणि बार्लोला जन्मठेप झाली. इन्सुलिनने केलेला खून सिद्ध झाल्याचा हा पहिला खटला मानतात. ते जमलं कारण प्रेत ताजं होतं आणि बघणाऱ्याला आधीच संशय होता. दहा दिवस शवागारात राहिलेल्या प्रेताबाबत, कुठे शोधायचं हे माहीत नसताना, असं काही होणं शक्यच नव्हतं. गैरसमज नको: लक्ष्मीबाईंना इन्सुलिन दिलं होतं असं कोणत्याही कोर्टाने म्हटलेलं नाही. नेमकं कोणतं द्रव्य हे शेवटपर्यंत ठरलंच नाही.

मग शिक्षा कशाच्या जोरावर? पहिलं म्हणजे डायबेटिक कोमाचं निदान टिकलं नाही. ही मूर्च्छा एकदम येत नाही. आधी तहान, थकवा, उलट्या, शरीर कोरडं पडणं, मग खोल आणि जोराचा श्वास, ज्याला डॉक्टर लोक एअर हंगर म्हणतात. संध्याकाळी चालतीबोलती असलेली बाई रात्रभरात गाडीत बेशुद्ध होते आणि हॉस्पिटलात हे श्वासाचं लक्षण दिसत नाही, हे तज्ज्ञांच्या साक्षीत बारकाईने तपासलं गेलं. हॉस्पिटलच्या केसपेपरवरच्या नोंदी, त्या कधी आणि कोणी केल्या, यावर निकालात पानंच्या पानं आहेत. मला हा भाग सगळ्यात शिकण्यासारखा वाटतो. उलटतपासणी कशी करावी हे तिथे कळतं.

दुसरं, आणि जास्त वजनाचं, म्हणजे आरोपीचं वर्तन. बाई नैसर्गिकरीत्या गेल्या असत्या तर त्यांचा डॉक्टर काय करेल? खरं नाव सांगेल. मधुमेह आहे हे आधी सांगेल, कारण उपचार त्यावरच अवलंबून आहेत. नातेवाइकांना कळवेल. प्रेत ताब्यात घेईल. यातलं एकही घडलं नाही. कोणी म्हणेल, घाबरला असेल. घाबरलेला माणूस एकदा खोटं बोलतो. हा गृहस्थ मेलेल्या बाईच्या नावाने पत्रं धाडत राहिला, तिला नवरा आणि गाव मिळवून देत राहिला, आणि प्रत्येक खोट्याचा शेवट तिच्या मालमत्तेपाशी होत होता.

विषप्रयोगाच्या खटल्यात फिर्यादी पक्षाने तीन गोष्टी दाखवायच्या असतात: मृत्यू विषाने झाला, आरोपीकडे विष होतं, आणि ते द्यायची संधी त्याला होती. बहुमताच्या निकालात न्या. हिदायतुल्ला यांनी सांगितलं की या तिन्ही गोष्टी दर वेळी थेट पुराव्यानेच दाखवायला हव्यात असं नाही, त्या परिस्थितीवरूनही सिद्ध होऊ शकतात. नाहीतर जो डॉक्टर आपल्या ज्ञानाचा वापर करून माग न राहणारं द्रव्य निवडेल, तो केवळ हुशारीच्या जोरावर सुटेल. इंग्लंडातल्या विल्यम पामर या डॉक्टरला १८५६ साली फाशी झाली, तेव्हाही ज्या स्ट्रिकनीनचा आरोप होता ते प्रेतात सापडलं नव्हतं. म्हणजे हा विचार नवा नव्हता.

पण खंडपीठ एकमताचं नव्हतं, हे कोणीच लिहिलेलं नाही. न्या. सरकार यांनी भिन्नमत नोंदवलं. मृत्यू अनैसर्गिकच होता हे या परिस्थितीवरून निःसंशय सिद्ध होत नाही, असं त्यांचं म्हणणं. बाई आजाराने गेल्या आणि या माणसाने त्या संधीचा फायदा घेऊन मालमत्ता लाटली, हीही शक्यता उरते. मला स्वतःला बहुमत पटतं. कारण नाव लपवण्याचं काम बाई जिवंत असतानाच सुरू झालं होतं. बाई दगावणार हे ठाऊक नसेल, तर दाखल करतानाच खोटं नाव द्यायचं कारण काय? तरीही भिन्नमत वाचल्याशिवाय हा खटला समजला असं मी मानत नाही.

याच्या अगदी उलटं प्रकरणही पुण्यातलंच आहे, म्हणून दोन्ही एकत्र वाचावीत. ११ जून १९८२ च्या रात्री एका नवविवाहितेचा मृत्यू झाला. इथे विष सापडलं, पोटॅशियम सायनाइड, आणि त्यानेच मृत्यू झाला याबद्दल वाद नव्हता. सत्र न्यायालय आणि हायकोर्ट, दोघांनीही नवऱ्याला, शरद सारडाला, दोषी धरलं. सुप्रीम कोर्टाने १७ जुलै १९८४ रोजी त्याला निर्दोष सोडलं. तिच्या पत्रांतून तिची मनःस्थिती खचलेली दिसत होती, आत्महत्येची शक्यता नाकारता येत नव्हती आणि सायनाइड आरोपीकडे होतं याचा पुरावा नव्हता. परिस्थितिजन्य पुराव्याची पाच तत्त्वं, जी आज प्रत्येक खुनाच्या खटल्यात वाचली जातात, ती याच सारडा निकालातली. सगळे दुवे एकमेकांत अडकले पाहिजेत आणि आरोपीच्या निर्दोषपणाशी जुळणारी एकही वाजवी शक्यता उरता कामा नये. एका खटल्यात विष नाही आणि शिक्षा कायम, दुसऱ्यात विष आहे आणि सुटका. प्रयोगशाळेच्या अहवालाने खटले ठरत नाहीत, ते असे.

विचारणाऱ्यांनी शेवटी घरातल्या एका मृत्यूबद्दल ओझरतं लिहिलंय, म्हणून कामाचं थोडं. संशयास्पद मृत्यूची आधी एडी, म्हणजे अकस्मात मृत्यू म्हणून नोंद होते. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली. एडी म्हणजे चौकशी संपली असं नव्हे. मरणोत्तर पंचनाम्याची आणि पी.एम., म्हणजे शवविच्छेदनाच्या रिपोर्टची प्रत मागा. रिपोर्टवर 'मत राखून ठेवले' असेल तर व्हिसेरा प्रयोगशाळेत कधी गेला आणि तिथला सी.ए. (केमिकल अॅनालायझरचा) रिपोर्ट कधी आला, हे लेखी विचारा. अर्ज पोलीस ठाण्यात द्याल तर आवक क्रमांकासह पोच घ्या. मृताची औषधं, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, शेवटच्या आठवड्यातले फोन आणि बँकेचे व्यवहार जपून ठेवा, आणि कोणी पत्रं किंवा मेसेज दाखवले तर मूळ मागा. प्रेतावर अजून अंत्यसंस्कार झाले नसतील आणि संशय असेल, तर तो तेव्हाच लेखी नोंदवा. दहन झाल्यावर प्रेताची दुसऱ्यांदा तपासणी होत नाही.

निकाल वाचायचा असेल तर ए.आय.आर. (ऑल इंडिया रिपोर्टर) १९६० सुप्रीम कोर्ट ५०० शोधा. लांब आहे. घाई असेल तर केसपेपरवरच्या चर्चेपासून सुरुवात करा आणि लगेच न्या. सरकार यांचं मत वाचा. मग बहुमताकडे परत या.