बर्लिनला यायचं तर बुधवारची संध्याकाळ मोकळी ठेव

तू पत्रात मला ताई म्हटलंस, तेव्हा मीही अरे-तुरेच करते. असेच प्रश्न याआधी आणखी दोघांनी विचारले होते आणि दोन्ही वेळा मी घाईघाईत काहीतरी उत्तर देऊन मोकळी झाले. या वेळी नीट लिहिते.

तुझं म्हणणं थोडक्यात असं. पुण्यात पाच वर्षं नेटवर्क इंजिनिअर आहेस. कोल्हापूर जिल्ह्यातल्या तुझ्या गावी शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या गच्चीवर अँटेना चढवून, जुन्या राउटरांवर ओपनडब्ल्यूआरटी हे खुलं सॉफ्टवेअर टाकून तू आणि मित्रांनी मेश, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या राउटरांचं जाळं, उभं केलंत. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात मोबाईल इंटरनेट बंद झालं, तेव्हा हे काम फावल्या वेळात करण्यासारखं नाही असं तुझ्या मनाने घेतलं. आता जर्मनीत येऊन खुल्या इंटरनेटसाठी पूर्णवेळ काम करायचंय. नोकरी मिळेल का, इंग्रजीवर भागेल का, पगार किती आणि व्हिसा कुठला, हे तुझे प्रश्न.

नोकऱ्या आहेत, पण तुला वाटतात त्या जागी नाहीत. हे समजायला बर्लिनच्या फ्रायफुंकची, म्हणजे हौशी लोकांनी उभारलेल्या फुकट वायफायच्या जाळ्याची, गोष्ट माहीत हवी.

जर्मनीच्या एकीकरणानंतर पूर्व बर्लिनच्या काही भागांत दूरध्वनी कंपनीने तांब्याच्या तारांऐवजी थेट प्रकाशतंतू टाकले. तेव्हाचं सर्वात आधुनिक काम. पुढे डीएसएल, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरचं वेगवान इंटरनेट, आलं आणि ते चालायचं तांब्यावर. म्हणजे ज्यांना सगळ्यात नवी केबल मिळाली, तेच ब्रॉडबँडविना राहिले. फ्रीडरिक्सहाइनसारख्या भागातल्या पोरांनी मग गच्चीगच्चीवर वायफायच्या अँटेना लावल्या, चर्चच्या पाद्रींना पटवून मनोऱ्यांवर जागा मिळवली आणि २००२-०३ च्या सुमारास फ्रायफुंक सुरू झालं. मेशमध्ये राउटरांना एकमेकांपर्यंतची वाट शोधून देणारा बॅटमॅन हा प्रोटोकॉल याच मंडळींत जन्मला आणि २०११ साली लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, गेला. तुझ्या गावच्या राउटरांवर बॅटमॅन चालत असेल, तर तुझी आणि बर्लिनची ओळख तशी जुनीच आहे.

इथवरची गोष्ट सगळे सांगतात. खरी मारामारी पुढे झाली. मे २०१० मध्ये इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने निकाल दिला की तुमच्या उघड्या वायफायवरून कुणी तिऱ्हाइताने गाणं वाटलं, तर तुम्हाला वकिलाची नोटीस आणि तिचा खर्च येऊ शकतो. वायफाय उघडं ठेवायला लोक घाबरले. नोटीस इथल्या कुणाच्या नावावर येऊ नये म्हणून फ्रायफुंकवाल्यांनी मग सगळा ट्रॅफिक व्हीपीएनने स्वीडनमधून बाहेर काढला. हसू येतं, पण कित्येक वर्षं बर्लिनचं फुकट वायफाय स्वीडनहून बाहेर पडायचं. २०१७ च्या शरद ऋतूत कायदा बदलला आणि ती धास्ती गेली. २०२१ पासून फ्रायफुंकला करकायद्यात धर्मादाय कामाचा दर्जा मिळाला. तो ज्या कलमात मिळाला, त्याच कलमात हौशी रेडिओ, विमानांच्या प्रतिकृती उडवणं आणि कुत्र्यांचे खेळही आहेत.

यात पगार कुणाला मिळाला बघ. अँटेना चढवणाऱ्याला नाही. तो आजही फुकट चढवतो. पगार मिळाला तो कायद्याचा मसुदा वाचणाऱ्याला, खासदारांच्या सुनावणीसाठी टिपण लिहिणाऱ्याला, अनुदानाचा अर्ज आणि हिशेब लिहिणाऱ्याला, आणि अलीकडे, सगळे वापरतात पण कुणी सांभाळत नाही अशा सॉफ्टवेअरची देखभाल करणाऱ्याला. तुझ्या पत्रात पाच ओळी अँटेनांवर होत्या आणि ग्रामपंचायतीचा ठराव तू कसा करून घेतलास यावर अर्धी ओळ. नोकरीच्या अर्जात हे प्रमाण उलटं कर.

इथे सगळं संघटनांमार्फत चालतं. जर्मनमध्ये म्हणतात फेराइन. नोंदणीला किमान सात सभासद, घटना, कार्यकारिणी, वर्गणी, वार्षिक सभा, हिशेब तपासनीस. गणेश मंडळात वाढलेल्या माणसाला फेराइन चटकन कळतं. फरक एवढाच की इथे इतिवृत्त खरोखर लिहितात आणि पुढच्या सभेत ते खरोखर वाचतात. केऑस कॉम्प्युटर क्लब ही १९८१ साली बर्लिनमध्ये सुरू झालेली हॅकरांची संघटनासुद्धा अशीच फेराइन आहे. तिचा दर वर्षी २७ ते ३० डिसेंबरला भरणारा मेळावा, सध्या हॅम्बुर्गला, स्वयंसेवकांच्या खांद्यावर उभा असतो. तिथे स्वयंसेवकाला 'देवदूत' म्हणतात आणि देवदूत दारावर तिकिटं तपासतो, केबल ओढतो, स्वयंपाकघरात कांदेही चिरतो. डिसेंबरात युरोपात येणं जमलं तर देवदूत म्हणून नाव नोंदव. नुसती भाषणं ऐकून परत गेलास तर ती घरी बसूनही ऐकता येतात, रेकॉर्डिंग फुकट मिळतं.

मी २०१५ च्या उन्हाळ्यात एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर म्हणून आले. त्याच शरद ऋतूत निर्वासितांच्या निवाऱ्यांमध्ये वायफाय लावायला फ्रायफुंकला माणसं हवी होती. यानोवित्सब्रुके स्टेशनजवळच्या सी-बेस या हॅकरांच्या अड्ड्यावर बुधवारी संध्याकाळी ही मंडळी जमायची. मला जर्मन येत नव्हतं. पाच महिने मी कोपऱ्यात बसून नेटवर्कच्या केबलींना आरजे-४५ ची टोकं दाबून बसवली आणि कान उघडे ठेवले. मग एका सभेत नेहमीचा प्रश्न आला, इतिवृत्त कोण लिहिणार? सगळे छताकडे बघायला लागले. मी हात वर केला. माझं ते इतिवृत्त भयंकर होतं, तिघांनी मिळून दुरुस्त केलं. पण त्यानंतर मला नावाने ओळखायला लागले. पुढे मला जे काम मिळालं, त्याची जाहिरात निघण्याआधी मला त्याबद्दल फोन आला होता. म्हणून इंग्रजीवर भागेल का, याला माझं उत्तर असं की कोडवर भागेल, बाकी कशावर नाही. जर्मनची बी-१, म्हणजे मधली, पातळी पुण्यातच कर. विमानात बसायच्या आधी.

आता पगार आणि व्हिसा. इथे मी स्वतः तोंडावर आपटलेय.

इथल्या बऱ्याच संस्था सरकारी वेतनश्रेणीच्या आसपास पगार देतात. नव्या माणसाला पूर्णवेळ वर्षाला पन्नास हजार युरो म्हणजे बरं चाललंय असं समज. पण पूर्णवेळ जागा विरळ. आठवड्याला ३० किंवा ३२ तास, तेही प्रकल्प संपेपर्यंत, वर्ष-दोन वर्षांचा करार. ब्ल्यू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा परवाना, त्याला पगाराची किमान मर्यादा असते. २०२५ साली ती ४८,३०० युरो होती आणि आयटीसारख्या टंचाईच्या व्यवसायांसाठी ४३,७५९ युरो ८० सेंट. दर जानेवारीत बदलते. पन्नास हजारांची जागा ऐंशी टक्के वेळेची असली की हातात चाळीस हजार. ब्ल्यू कार्ड गेलं.

माझं नेमकं हेच झालं. कंपनीतली नोकरी सोडून मी एका संस्थेत पाऊणवेळ रुजू झाले. पगाराचं आम्ही बघतो, परवान्याचं तुम्ही बघा, असं त्यांनी गोड शब्दांत सांगितलं. मी काही बघितलं नाही. तेव्हा ब्ल्यू कार्डवर कायम वास्तव्याच्या परवान्याला ३३ महिने लागायचे, चांगलं जर्मन असेल तर २१. माझे २६ झाले होते आणि भाषेचं प्रमाणपत्र नव्हतं. सात महिने थांबले असते तर प्रश्नच नव्हता. साध्या परवान्यावर जावं लागलं आणि पुढे दोन वर्षं, प्रत्येक करार संपताना, पोटात गोळा. त्या संस्थेचं नाव घेत नाही. माणसं वाईट नव्हती, त्यांना खरंच माहीत नव्हतं.

म्हणून तुझ्यासाठी क्रम असा. आधी एखाद्या कंपनीत नेटवर्कचीच नोकरी धर, ब्ल्यू कार्डवर ये. २०२३ च्या शेवटी नियम सैल झाले. आता कायम परवान्याला २७ महिने लागतात, बी-१ असेल तर २१. दोन वर्षांपेक्षा कमी. तेवढा काळ बुधवारी संध्याकाळी काम कर, परवाना हातात घे आणि मग पाऊणवेळच काय, अर्धवेळही काम घे, कुणी विचारणार नाही. पहिल्या वर्षात नोकरी बदललीस तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला कळवावं लागतं, ते विसरू नकोस. फ्रीलान्सर म्हणून थेट यायचा सल्ला तुला कुणीतरी दिलाय असं लिहिलंस. देणाऱ्याने आरोग्य विम्याबद्दल काही सांगितलं का? युरोपबाहेरून स्वतंत्र व्यावसायिक म्हणून आलेल्याला इथल्या सार्वजनिक विम्यात शिरणं फार अवघड जातं आणि खासगी विमा वयाबरोबर महाग होत जातो. नको.

अनुदानाचंही सांगते. बर्लिनचा प्रोटोटाइप फंड खुल्या सॉफ्टवेअरला पैसे देतो. कित्येक वर्षं सहा महिन्यांच्या कामाला ४७,५०० युरोपर्यंत मिळायचे, पुढे रक्कम वाढली. अर्जदार जर्मनीत राहणारा लागतो. सॉव्हरिन टेक फंड २०२२ मध्ये सुरू झाला, तो देखभालीच्या कामाला पैसा लावतो. माझ्या आवडीचं मात्र नेदरलँड्सचं एनएलनेट. हे लोक मुळात इंटरनेट सेवा पुरवायचे, १९९७ मध्ये तो धंदा विकला आणि आलेल्या पैशातून खुल्या इंटरनेटच्या कामाला अनुदानं द्यायला लागले. आता युरोपीय संघाचा पैसाही त्यांच्यामार्फत वाटला जातो. पहिलं अनुदान पाच ते पन्नास हजार युरोंचं आणि अर्ज इतका छोटा की आपल्याकडच्या रेशनकार्डाचा फॉर्म त्याहून मोठा भरावा. कोल्हापुरात बसून तू तो भरू शकतोस. पण भारतात संस्थेच्या नावावर परदेशी पैसा घ्यायचा तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. स्वतःच्या नावावर घेतलास तरी तो कामाचा मोबदला आहे की देणगी, हे आधी सीएकडून लेखी घे.

अँटेनांवरच तुझा जीव असेल तर बर्लिन सोड आणि कातालोनियाकडे बघ. बर्लिनमध्ये आता स्वस्त इंटरनेट घरोघरी आहे, फ्रायफुंकची निकड ओसरलीय, बुधवारी जमणाऱ्यांत पांढरे केस वाढलेत. त्यात माझेही आले. स्पेनमधल्या कातालोनियातलं गिफी हे लोकांचं जाळं मात्र २००४ साली ओसोना या ग्रामीण भागात सुरू झालं, रामोन रोका यांच्या पुढाकाराने, आणि ३५,००० हून अधिक नोड्सपर्यंत, म्हणजे जोडबिंदूंपर्यंत, गेलं. तिथली जाळी सगळ्यांच्या मालकीची. तिच्यावर छोटे व्यावसायिक सेवा विकतात, आणि कुणी किती वापरलं, कुणी किती गुंतवलं याचा हिशेब करून आपसात भरपाई करतात. दूध संघाच्या शेजारी वाढलेल्या तुला यात नवल वाटायला नको. अँटेना लावून पोट भरणारी माणसं मी तिथेच पाहिली. पगार जर्मनीपेक्षा कमी, आणि स्पॅनिश पुरत नाही, कातालानही लागतं.

एक गोष्ट मनावर घे. तुझ्या पत्रात 'तिकडे सगळं पुढे गेलंय' असं तीनदा आलंय. २०१५ साली ट्राय या दूरसंचार नियामकाकडे नेट न्यूट्रॅलिटीसाठी, म्हणजे इंटरनेटवर सगळ्यांना सारखी वागणूक मिळावी म्हणून, दहा लाखांहून जास्त ईमेल गेले आणि ८ फेब्रुवारी २०१६ ला भेदभाव करणाऱ्या डेटा दरांवर बंदी आली. ठरावीक साइट फुकट दाखवणारं फ्री बेसिक्स फेसबुकला भारतातून गुंडाळावं लागलं. युरोपातले नियम त्याच वर्षी लागू झाले, पण ठरावीक अॅपचा डेटा फुकट देणाऱ्या योजना इथे पुढे कित्येक वर्षं चालल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये युरोपीय न्यायालयाने त्या नियमांविरुद्ध ठरवल्या. पालघरच्या दोन मुलींना २०१२ मध्ये एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली, त्यातून पेटलेल्या वादातून जी याचिका झाली तिने २०१५ मध्ये आयटी कायद्यातलं, आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला गुन्हा ठरवणारं कलम ६६-अ रद्द करवलं. त्याच पालघर जिल्ह्यात खामलोलीच्या परिसरात आयआयटी मुंबईने टीव्हीच्या रिकाम्या लहरींवरून गावात इंटरनेट नेऊन दाखवलं. हे मुलाखतीत सांग. इथल्या लोकांना यातलं फारसं ठाऊक नसतं आणि ते लक्ष देऊन ऐकतात. नेट बंद असताना गावातली मेश आतल्या आत चालू होती का, तिच्यावरून निरोप जात होते का, हेही लिहून ठेव. बर्लिनच्या कुठल्याही अँटेनावाल्याकडे तो अनुभव नाही.

परत जायचा विचार असेल तर पासपोर्टचंही आत्ताच बघ. जर्मन नागरिकत्व आता पाच वर्षांत मिळतं, पण भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर भारतात पत्रकारिता किंवा संशोधन करायचं तर २०२१ पासून खास परवानगी लागते. मी त्यामुळेच अजून भारतीय पासपोर्टवर आहे.

घर, थंडी, पोहे कुठे मिळतात वगैरे मराठी मंडळातलं कुणीही सांगेल. तू या आठवड्यात एवढंच कर: आनाबिन या जर्मन सरकारी नोंदीत तुझं कॉलेज आणि पदवी शोध. दोन्हींपुढे काय शेरा दिसतो ते मला कळव. कॉलेजपुढे 'एच-प्लस', म्हणजे मान्यताप्राप्त असल्याचा शेरा, नसेल तर पदवी स्वतंत्रपणे पडताळून घ्यावी लागेल, त्याला काही महिने जातात, आणि मग वरचं सगळं वेळापत्रक तेवढं पुढे सरकवावं लागेल.