आधी घरातला तह

प्रिय मित्रा,

तुझं टिपण दोनदा वाचलं. पहिल्यांदा कौतुकाने, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. सव्वीस पानांपैकी एकवीस वाटाघाटींवर गेली आहेत: कोण बसणार, कुठे बसणार, मध्यस्थ कोण, मसुदा कुणी लिहायचा. उरलेल्या पाच पानांत पोलीस, पुनर्वसन, माफी, पैसा, जमीन, न्यायालयं, संसद हे सगळं कोंबलं आहेस. तुझ्या वयात मीही हेच केलं असतं. टेबलाभोवतीचं नाट्य खुणावतं. फायली कुणालाच खुणावत नाहीत.

पण तुला दिलेला प्रश्न पुन्हा वाच. देशात कायमची शांतता यावी म्हणून सरकारने स्वतःची घडी कशी बसवावी, असा तो आहे. त्यातला 'स्वतःची' हा शब्द तुझ्या नजरेतून निसटला. बंडखोरांशी तह करण्याआधी सरकारला स्वतःशी तह करावा लागतो, आणि तो जास्त अवघड असतो. सैन्य, पोलीस, अर्थखातं, संसद, प्रांतांचे राज्यकर्ते ही सगळी एकाच सरकारची माणसं म्हणायची. प्रत्यक्षात युद्ध लांबलं तर कुणाचं काय बिघडतं आणि थांबलं तर कुणाचं काय जातं, याचा हिशेब प्रत्येकाचा वेगळा असतो.

फिलिपिन्सचा तू एका परिच्छेदात उल्लेख केलास. मी तुझ्या जागी असतो तर टिपणाचा कणाच तो देश केला असता, कारण तिथे कागद उत्तम होता आणि कागद पाळला नाही की काय होतं तेही तिथेच दिसलं. १९९२ साली फिडेल रामोस राष्ट्राध्यक्ष झाले. स्वतः सैन्यप्रमुख राहिलेला माणूस. समोर तीन आघाड्या: दक्षिणेकडच्या मिंदानाओ बेटावरच्या मोरो मुस्लिम संघटना, कम्युनिस्ट गनिमी लढवय्ये, आणि आधीच्या राजवटीत उठाव केलेले सैन्यातलेच अधिकारी. त्यांनी एक राष्ट्रीय एकीकरण आयोग नेमला. त्याच्या अध्यक्षा हायदी योराक. आयोगाने प्रांतोप्रांती बैठका घेऊन लोकांनाच विचारलं की ही बंडं होतात कशामुळे. त्या अहवालातून सप्टेंबर १९९३ मध्ये १२५ क्रमांकाचा कार्यकारी आदेश निघाला.

त्या आदेशात शांततेच्या सहा वाटा सांगितल्या आहेत. पहिली, संघर्षाच्या मुळाशी असलेल्या सामाजिक, आर्थिक आणि राजकीय सुधारणांची. दुसरी, लोकांची सहमती घडवण्याची. बंडखोर गटांशी वाटाघाटी ही तिसरी. मग हत्यार टाकलेल्यांचं पुनर्वसन, लढाई चालू असतानाच नागरिकांचं संरक्षण, आणि शेवटी शांततेला पोषक वातावरण. म्हणजे ज्या गोष्टीला तू एकवीस पानं दिलीस, ती सहांतली एक आहे, आणि तीही पहिली नाही. सगळ्याचा समन्वय करायला मंत्रिपदाच्या दर्जाचा सल्लागार आणि त्याचं कायमचं कार्यालय नेमलं. दर्जाचा हा तपशील क्षुल्लक वाटेल, पण नाही. संरक्षणमंत्र्याला फोन करून 'हे थांबवा' म्हणायचं, तर फोन करणारा निदान त्याच्या बरोबरीचा लागतो.

या मांडणीची फळं दिसली. १९९५ मध्ये बंडखोर अधिकाऱ्यांशी करार झाला, १९९६ मध्ये मोरो राष्ट्रीय मुक्ती आघाडीशी. त्यातून वेगळी झालेली मोरो इस्लामिक मुक्ती आघाडी मात्र बाहेरच राहिली, आणि खरी परीक्षा तिच्याबाबत झाली.

२००८ सालचा प्रसंग नीट अभ्यास. मोरोंच्या वडिलोपार्जित भूभागाबाबतचा मसुदा तयार होता आणि ५ ऑगस्टला क्वालालंपूरमध्ये सह्या व्हायच्या होत्या. मिंदानाओतले स्थानिक राज्यकर्ते सर्वोच्च न्यायालयात गेले, कारण आपल्या भागाचं काय ठरतंय हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. आदल्या दिवशी न्यायालयाने सह्या रोखल्या आणि ऑक्टोबरमध्ये मसुदा घटनाबाह्य ठरवला. निकालातलं एक कारण तुझ्या टिपणात यायलाच हवं: लोकांशी सल्लामसलत करणं हे शांतता सल्लागाराचं बंधनकारक कर्तव्य होतं, २००१ च्या नव्या आदेशातही ते लिहिलेलं होतं, आणि ते त्याने पार पाडलं नाही. सरकार आपल्याच आदेशाला अडखळून पडलं. त्यानंतर लढाई भडकली आणि लाखो लोक घरं सोडून पळाले. मला विचारशील तर न्यायालयाला दोष देण्यात अर्थ नाही. विश्वासात न घेतलेला माणूस कुठल्या ना कुठल्या दारातून आत येतोच.

दुसरा प्रसंग जानेवारी २०१५ चा. २०१४ मध्ये याच मोरो इस्लामिक मुक्ती आघाडीशी सर्वंकष करार झाला होता. सरकारच्या मुख्य वाटाघाटीकार मिरियम कोरोनेल-फेरर यांनी त्यावर सही केली होती, आणि त्याला कायद्याचं रूप देणारं विधेयक संसदेपुढे होतं. अशात पोलिसांचं विशेष पथक एका दहशतवाद्याला पकडायला मिंदानाओतल्या मामासापानो या गावात, बंडखोरांच्या भागात घुसलं. शस्त्रसंधीवर देखरेख करणाऱ्या समित्यांना आधी कळवलं नव्हतं, सैन्याशीही नीट समन्वय नव्हता. त्या दिवशी ४४ पोलीस मारले गेले. बंडखोर आणि नागरिकही गेले. देशभर संताप उसळला आणि ते विधेयक संसदेत अडकून पडलं. कायदा झाला तो २०१८ मध्ये, नव्या राष्ट्राध्यक्षांच्या काळात. करार मोडायचा असं कुणीच ठरवलं नव्हतं. उजव्या हाताने डाव्याला सांगितलं नाही, इतकंच.

तुझ्या आकृतीत शांतता कार्यालयाकडून बाण फक्त वर, राष्ट्राध्यक्षांकडे जातात. मामासापानो लक्षात ठेवून ती पुन्हा काढ. कुठल्या ठाण्याने, कुठल्या तळाने, कुठल्या कारवाईआधी, कुणाला आणि किती आधी कळवायचं? बातमी फुटण्याची भीती तिथेही होती, इतरत्रही असेल. ती खरी असते, हसण्यावारी नेऊ नकोस. म्हणून वाद आधीच, थंड डोक्याने मिटवावा लागतो. रात्री दोन वाजता तो मिटत नाही.

श्रीलंकेचं उदाहरण तू वगळलंस, बहुधा शेवट वाईट म्हणून. नको वगळू. तिथेही शांतता प्रक्रियेच्या समन्वयासाठी सचिवालय होतं आणि फेब्रुवारी २००२ पासून तमिळ वाघांशी, म्हणजे एलटीटीईच्या बंडखोरांशी, शस्त्रसंधी होती. पण पंतप्रधान रनिल विक्रमसिंघे एका पक्षाचे, राष्ट्राध्यक्ष चंद्रिका कुमारतुंगा दुसऱ्या. नोव्हेंबर २००३ मध्ये पंतप्रधान अमेरिकेत असताना राष्ट्राध्यक्षांनी संरक्षण, गृह आणि माहिती ही तीन खाती स्वतःकडे घेतली. तमिळ वाघांच्या हातून जे घडलं त्याचा दोष त्यांच्याच माथी, तो मी कमी करत नाही. पण समोरच्याने बोलायचं कुणाशी? सचिवालय कितीही चोख असो, वरच्या मजल्यावर भांडण असेल तर खालचे कारकून तह करू शकत नाहीत.

याच्या उलट कोलंबिया. राष्ट्राध्यक्ष सान्तोस यांनी फार्क या डाव्या बंडखोर संघटनेशी बोलणाऱ्या मंडळात निवृत्त जनरल होर्हे एन्रिके मोरा आणि पोलीस दलाचे माजी प्रमुख ऑस्कर नारान्हो यांना बसवलं. पुढे शस्त्रसंधीच्या तांत्रिक बाजूसाठी सेवेतले अधिकारीही क्युबातल्या हवानाला गेले, जिथे बोलणी चालू होती. ज्यांना सैन्यात मान आहे तेच टेबलावर असले की 'आमचा सौदा केला' ही कुजबुज निदान क्षीण होते. तरी २ ऑक्टोबर २०१६ च्या जनमतात करार अर्ध्या टक्क्याहून कमी फरकाने पडला आणि दुरुस्त्या करून संसदेतून न्यावा लागला. सैन्य सांभाळलं, विरोधी पक्ष राहून गेला.

एक गोष्ट आपल्याकडची, तू विचारली नाहीस तरी सांगतो. मिझोराममधलं १९६६ चं बंड ३० जून १९८६ च्या कराराने संपलं. केंद्राच्या वतीने सही केली गृहसचिव राम प्रधान यांनी, आणि तो त्यांच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता. पण मला त्याहून मोठी वाटते ती नंतरची घटना: तिथले मुख्यमंत्री लालथनहौला यांनी पद सोडलं, बंडाचे नेते लालडेंगा मुख्यमंत्री झाले आणि लालथनहौला त्यांच्या हाताखाली उपमुख्यमंत्री. बंडखोराने काय सोडावं याची यादी प्रत्येक टिपणात असते. आपल्या बाजूच्या कुणी कुठली खुर्ची सोडायची, हा रकाना तुझ्याकडेही नाही.

आता पैसा. इथे तू अगदीच घाई केलीस. नेपाळमध्ये नोव्हेंबर २००६ मध्ये माओवाद्यांशी करार झाला आणि शांततेसाठी वेगळं मंत्रालयही निघालं. संयुक्त राष्ट्रांच्या पडताळणीत १९,६०२ माओवादी लढवय्ये पात्र ठरले. त्यांचं काय करायचं हे ठरायला २०१२ उजाडलं, तोवर ती मुलं छावण्यांत बसून होती. शेवटी साधारण १,४०० जणच सैन्यात गेले, बहुतेकांनी पाच ते आठ लाख नेपाळी रुपये घेऊन निवृत्ती पत्करली. उशीर पैशामुळे झाला म्हणणं सोपं आहे; मुख्य अडचण होती सैन्याची संमती आणि हुद्दा. कालपर्यंतच्या शत्रूला कुठली फीत लावायची, हा प्रश्न कराराच्या दिवशी कुणाला विचारावासा वाटला नाही. मिंदानाओतही ४०,००० लढवय्यांनी टप्प्याटप्प्याने शस्त्रं खाली ठेवायची असं ठरलं आणि प्रत्येकाला एक लाख पेसो रोख कबूल झाले. रोख रक्कम एका सहीने निघते. त्यानंतरची शेती, घर, मुलांची शाळा वेगवेगळ्या खात्यांच्या अंदाजपत्रकांत विखुरलेली असते, आणि त्या खात्यांच्या लेखी हा माणूस रांगेतला आणखी एक अर्जदार.

म्हणून शांतता कार्यालयाला स्वतःचा निधी द्यावा की खात्यांच्या निधीवर नजर ठेवण्याचा अधिकार, यावर तुझं स्पष्ट मत हवं. माझं मत दुसऱ्या बाजूने आहे. स्वतंत्र निधी मिळाला की बाकीची खाती हात झटकतात. पण मी चुकत असेन तर वाद घाल, मला आवडेल.

पुढचा खर्डा पाठवताना वाटाघाटींची एकवीस पानं नऊवर आण. चौदाव्या पानावरच्या वेळापत्रकात 'करारावर सही' हा शेवटचा टप्पा दाखवलास, तो मध्यावर सरकव आणि त्यापुढच्या पाच वर्षांत प्रत्येक खात्याने काय करायचं ते महिन्यानिशी भर. अर्थखात्याचा रकाना सगळ्यात आधी. मी पुढच्या रविवारी घरीच आहे.

तुझा,
सर