लेथवर आटे पाडताना डायलवर (हाफ नट कधी टाकायचा ते दाखवणारी तबकडी) दर वेळी एकाच आकड्यावर हाफ नट (टूलच्या कॅरेजला लीडस्क्रूशी जोडणारा नट) टाकतो, तरी दुसरा कट आटा चुकवून पडतो. डायल सोडून मशीन उलटं फिरवूनच आटे पाडावेत का?

लीडस्क्रूचा (कॅरेज सरकवणाऱ्या लांब स्क्रूचा) पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, किती आणि आटे कितीचे, हे तुम्ही लिहिलेलंच नाही. तरी माझा अंदाज: लीडस्क्रू मिलिमीटरचा आहे आणि डायलखाली भलताच गिअर लागलाय.

मी लेथ शिकलो तिथल्या फोरमनला डायलचं नाव काढलेलं चालत नसे. "ते शोभेचं आहे. हाफ नट एकदा टाकला की आटे पुरे होईपर्यंत उचलायचा नाही." एकदा एम २० चे (२० मिमी व्यासाचे) लांब स्टड आले, पिच २.५. प्रत्येक कटानंतर टूल बाहेर घ्या, मशीन थांबवा, उलटं फिरवा आणि कॅरेज रांगत मागे येईपर्यंत बघत उभे राहा. वैतागून मी बॅटरी घेऊन डायलखाली डोकावलो. लीडस्क्रू ६ मिमीचा. डायलच्या दांडीवर एकाखाली एक तीन गिअर: १४, १५ आणि १६ दात्यांचे. लीडस्क्रूत अडकलेला होता १४ चा, कुणी कधी लावला देव जाणे. १४ गुणिले ६, म्हणजे डायलच्या एका फेऱ्याला ८४ मिमी. त्याला २.५ ने भागलं की ३३.६, पूर्ण आकडा नाही. डायल पुरा फिरून त्याच रेषेवर आला तरी टूल आट्यात पडणार नाही, तर दीड मिमी बाजूला! फोरमनने फुकट गेलेले जॉब बघितले असणारच. फक्त दाते कधी मोजले नाहीत.

बोल्ट ढिला करून दांडी सरकवली, १५ चा जुळवला. ९० भागिले २.५, बरोबर ३६. पहिला कट नुसता ओरखडा, कॅरेज हाताने मागे, त्याच रेषेवर हाफ नट. टूल त्याच ओरखड्यात. फोरमन बघून म्हणाला, "नशीब." पुढचे सगळे स्टड तसेच निघाले, तरी त्याचं नशीबच! अजूनही असे लोक भेटतात, आणि अजूनही मला तितकाच राग येतो. भागाकार करायचा नाही आणि दोष डायलला.

६ च्या लीडस्क्रूवर १, १.५, २, ३ पाडताना डायलकडे बघूच नका, हाफ नट कुठेही टाका. १.७५ ला १४ चा गिअर, १.२५ आणि २.५ ला १५ चा. इंची मशीनवर इंची आटे असतील तर बहुतेक ठिकाणी इंचाला सम आट्यांना कुठलीही रेषा चालते, विषम आट्यांना फक्त आकड्याची.

हां, लीडस्क्रू इंची आणि आटे मिलिमीटरचे (किंवा उलट) असतील तर मात्र हाफ नट उचलू नका, मशीन उलटंच फिरवा. तेव्हा टूल आधी बाहेर घ्या, नाहीतर बॅकलॅशमुळे (गिअर-स्क्रूमधल्या सैलपणामुळे) ते परतताना आटे खाईल. जॉब पकडणारा चक स्पिंडलच्या आट्यांवर बसणारा असेल तर उलटं फिरवताना तो सुटू शकतो. आणि मधेच टूल काढून धार लावलीत तर डायल काही कामाचा नाही: हाफ नट टाकून मशीन थोडं पुढे फिरवा, बॅकलॅश निघू द्या, थांबवा आणि कंपाउंड व क्रॉस स्लाइडने (टूल हाताने सरकवायच्या दोन स्लाइडनी) टूल परत आट्यात बसवा.