घरभरणीच्या तारखेपासून उलट मोजा

सांगलीत घरांच्या इंटिरियरची नवीन कामं घेताय, तर प्रत्येक साइटची वही वेगळी ठेवा. पहिल्या पानावर घरभरणीची तारीख टाका आणि उलट मोजत या: पडदे-लाइट, रंगाचा शेवटचा हात, सुतारकाम, पीओपी, फरशी आणि सगळ्यात आधी भिंतीत झिरी (वायर-पाइपसाठी खाच) मारून वायरिंग-प्लंबिंग. परराज्यातले सुतार दिवाळीला गावी जातात, ते दिवस आधीच वजा करा.

चिमणी, आरओ, गीझरचे पॉइंट भिंतीवर खडूने आखा, मापाची टेप लावून फोटो काढा, मालकांची संमती घ्या. हे राहिलं की लावलेली टाइल फोडावी लागते, आणि तो खर्च कुणीच उचलत नाही.

लॅमिनेटच्या (सनमायकाच्या) नोंदीत ‘क्रीम’ लिहून भागत नाही. कंपनी, कोड, फिनिश, जाडी लिहा, नमुन्याचा तुकडा वहीतच चिकटवा. एक शीट जादा घ्या. नंतर मागवलं तर लॉट बदलतो, शेडमध्ये फरक दिसतो. ओट्याखाली 18 मिमी, 710 ग्रेडचाच (पाण्याला टिकणारा) प्लाय. शिक्का माल उतरवतानाच बघा.

खरी भांडणं तोंडी बदलांवरून होतात. “काकू, ड्रॉवर वाढवले तर एवढे पैसे आणि चार दिवस जादा,” असं त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर पाठवा. ‘चालेल’ असं उत्तर येईपर्यंत सुताराला कापायला सांगू नका.