झांज कुणाच्या हाती द्यायची?

मागच्या लेखात गतिमंद मुलांच्या गाण्याबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या. त्यावर आलेली बरीचशी पत्रं लहान मुलांबद्दल नव्हतीच. मिसरूड फुटलेल्या मुलांच्या आणि ओढणी सावरणाऱ्या मुलींच्या घरून ती आली आहेत. त्यातली काही इथे घेते. पत्रं थोडी काटछाट करून दिली आहेत.

मुलुंडहून एक आई लिहितात: माझा मुलगा २२ वर्षांचा आहे, मध्यम स्वरूपाची बौद्धिक अक्षमता आहे. १८ पूर्ण झाल्यावर शाळा सुटली, तेव्हापासून घरीच असतो. दिवसभर रेडिओ ऐकतो. पेटीच्या क्लासला घातलं तर सरांनी दोन आठवड्यांत सांगितलं, याला सूर लागत नाही, उगाच फी भरू नका. आता काय करू?

ताई, आधी त्याचे कान तपासून घ्या. बौद्धिक अक्षमतेसोबत कमी ऐकू येणं पुष्कळदा असतं आणि वर्षानुवर्षं कुणाच्या ध्यानात येत नाही. ‘त्याला कळत नाही’ म्हटलं की विषय संपतो ना! केईएम, नायर, सायन अशा पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत किंवा वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत श्रवणचाचणी होते.

कान ठीक निघाले तर पट्टी बघा, म्हणजे गाताना सा कुठल्या सुराला धरलाय ते. क्लासमध्ये सगळ्यांना एकाच पट्टीत बसवतात. मुलगा घरात आपल्या तंद्रीत गुणगुणत असेल तेव्हा हळूच पेटी काढा आणि तो कुठे गातोय ते शोधा. तो जिथे सुखाने टेकतो तो त्याचा सा. ‘सूर लागत नाही’ असा शेरा मिळालेल्या कितीतरी जणांना मुळात त्यांच्या गळ्याला न झेपणारा सूर दिलेला असतो.

पेटीच वाजवायची हौस असेल तर काळी तीनला (शेजारी-शेजारी असलेल्या तीन काळ्या पट्ट्यांतल्या पहिलीला) सा धरा आणि फक्त काळ्या पट्ट्या वाजवू द्या. सा रे ग प ध, म्हणजे चक्क भूप राग! म आणि नी वाटेत येतच नाहीत, त्यामुळे कुठलंही बोट पडलं तरी कानाला खटकत नाही. काळ्या पट्ट्या उंच असतात, न बघताही हाताला लागतात. सुरुवातीला भाता तुम्ही सांभाळा. पुढे ठरावीक गाणं वाजवायचं झालं तर टिकल्यांचं पाकीट आणा. पेटीवर लाल टिकली, वहीतही लाल टिकली. फिनलंडमध्ये १९९०च्या दशकात याच तत्त्वावर एक लेखनपद्धत तयार झाली. तिच्यात रंगावरून स्वर ओळखायचा आणि आकारावरून सप्तक. बौद्धिक अक्षमता असलेले प्रौढ तिच्यावरून बँडमध्ये वाजवतात.

गाणी कुठली घ्यायची ते त्याच्या रेडिओला विचारा. बावीस वर्षांच्या मुलाला बडबडगीतं देऊ नका. त्याला लावणी आवडत असेल तर लावणी, रॅप आवडत असेल तर रॅप.

आणि क्लास नाही मिळाला तर एवढं वाईट वाटून घेऊ नका. कायद्याने मोफत शिक्षण १८ वर्षांपर्यंत. त्यानंतर या मुलांचा दिवसच रिकामा होतो. त्याला गुरू मिळण्याआधी चार माणसांत बसायला मिळायला हवं. पुढचं पत्र नेमकं त्याच्यावरच आहे.

लालबागहून एक भजनीबुवा: आमचं चाकरमान्यांचं मंडळ आहे, शनिवारी चाळीत तालीम असते. मजल्यावरचा एक २५ वर्षांचा गतिमंद मुलगा न चुकता येऊन बसतो आणि झांज मागतो. दिली तर ताल सोडतो, पखवाजी वैतागतात. नाही म्हणवत नाही. काय करावं?

बुवा, पखवाजींचं वैतागणं रास्त आहे, ते आधी मान्य करू. म्हणून पहिली गोष्ट: एक पक्का झांजवाला कायम ठेवा. ताल या मुलावर टांगून ठेवू नका, म्हणजे त्याला चुकायची मुभा राहील आणि भजनही पडणार नाही.

आता त्याचं काम ठरवा. आठ मात्रांच्या ठेक्यात दर मात्रेला वाजवणं काहींना सोपं जातं, अंग डोलतं तसा हात चालतो. काहींना तेच दमवतं. त्यांना फक्त समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेला, एक ठणका द्यावा. दोन्ही करून बघा. समेवर वाजवायचं असेल तर खूण समेला देऊ नका, उशीर होतो. त्याचं ऐकणं आणि हात हलणं यांत आपल्यापेक्षा थोडा जास्त वेळ जातो. सातव्या मात्रेला तुमचा हात वर जाऊ दे, आठवीला त्याचा जाईल, समेवर दोघांचा खाली येईल. खूण रोज तीच आणि तुम्हीच द्यायची. तीन जण तीन बाजूंनी माना हलवायला लागले की तो गोंधळणारच.

त्याला भिंतीकडे मागे बसवू नका, पखवाजाला लागून बसवा. धुमेची, म्हणजे पखवाजाच्या डाव्या बाजूची, थाप जमिनीतून मांडीला लागते. कानाने निसटलेला ताल अंगाने सापडतो.

एक मात्र कटाक्षाने टाळा. मागून कुणीतरी त्याचं मनगट धरून वाजवतं, ते बंद करा. मनगट ज्याचं धरलंय तो वाजवत नसतो, धरणारा वाजवत असतो. चुकलं तर पुढच्या आवर्तनाची वाट बघा.

गजराची लय चढली की त्याची झांज सुटणार. तिथे त्याला दुसरं काम द्या: गजर थांबवायचं. आमच्या परळच्या गटात हे एका मुलाकडे आहे. तो उभा राहून हात वर धरतो आणि तो हात खाली येईपर्यंत कुणी थांबायचं नाही, असा नियम आहे. पहिल्यांदा त्याने हात खाली आणला तो लगेच, घाबरून. आता पखवाजीच्या कपाळावर घाम दिसेपर्यंत लय ताणतो, सगळ्यांवरून एकदा नजर फिरवतो, मग झटक्यात हात खाली. वीस माणसं त्याच्या पंज्याकडे डोळे लावून गात असतात. पखवाजी आधी कुरकुरायचे. हल्ली तो आला नाही तर तेच चौकशी करतात.

आणि बुवा, बाकीच्यांना असलेले नियम त्यालाही लावा. उशिरा आला तर बोला. झांजा पुसून पेटीत ठेवायची पाळी त्याचीही असू दे.

बोरिवलीहून एक वडील: संगीतोपचाराने मुलीचा बुद्ध्यांक किती वाढेल? किती महिने लागतील?

वाढणार नाही. असं आश्वासन देऊन पॅकेज विकणाऱ्यांपासून लांब राहा. संगीतोपचार हे प्रशिक्षित माणसाने एखादं उद्दिष्ट धरून करायचं काम आहे आणि बोलणं, लक्ष टिकणं, हातांची हालचाल अशा गोष्टींना त्याची मदत होऊ शकते. मी लिहिते ते त्याहून वेगळ्या गोष्टीबद्दल, गाण्यासाठी गाण्याबद्दल. तुमचा शेजारी नाट्यगीतं गातो तेव्हा त्याचा बुद्ध्यांक कुणी मोजतं का?

चेंबूरहून, दादाने लिहून घेतलेलं पत्र: मी २३ वर्षांची आहे. मला डाऊन सिंड्रोम आहे. मला ढोल पथकात जायचं आहे. आई नको म्हणते. तुम्ही आईला सांगा.

आईला तूच सांग. काय सांगायचं ते मी लिहिते. दादाला वाचून दाखवायला सांग.

आधी डॉक्टरांकडे जा. त्यांना मान दाखव. डाऊन सिंड्रोम असलेल्या काही जणांचा मानेचा वरचा सांधा सैल असतो. मग जड ओझं आणि जोराचे हिसके चालत नाहीत. ढोल कमरेला बांधतात, तो जड असतो. डॉक्टर हो म्हणाले तर ढोल घे. नाही म्हणाले तर पथकात झांज असते, ध्वज असतो. ध्वज हलका आहे का, ते आधी हातात धरून बघ.

कानात बोळे घाल. ढोल-ताशाचा आवाज फार मोठा असतो. ८५ डेसिबल आवाज दिवसात ८ तासांपर्यंत चालतो. दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. पथकात आवाज शंभराच्या वर जातो. म्हणून बोळे सरावालाही घालायचे.

गणपतीच्या दोन-अडीच महिने आधी सराव सुरू होतो. पथकाच्या ताईला भेट. तिला सांग, मला ‘हात’ (ढोलाचे ठेके) हळू शिकव आणि पुन्हा पुन्हा दाखव.

आता आईंसाठी दोन ओळी. काळजी बरोबर आहे, ती डॉक्टरांपुढे मांडा. पण मुलगी सज्ञान आहे. मिरवणुकीच्या गर्दीत ती हरवेल ही भीती असेल तर पथकातली एक मैत्रीण जोडीला ठरवून घ्या; तुम्ही स्वतः शेजारून चालत जाऊ नका. तेवीस वर्षांच्या दुसऱ्या कुठल्या मुलीसोबत तिची आई चालते?

विलेपार्ल्याहून एक कार्यकर्ते: ३ डिसेंबरला दिव्यांग दिनाचा कार्यक्रम आहे. विशेष मुलांकडून दोन देशभक्तिपर गाणी ट्रॅकवर बसवून घ्यायची आहेत. प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. मार्गदर्शन करावं.

डोळ्यांतल्या पाण्याची सोय माझ्याकडे नाही. गाणाऱ्याच्या आवाजासकट ट्रॅक वाजतोय, मुलांचे माइक बंद आहेत आणि ती हात हलवतायत, याला मी गाणं म्हणत नाही. माइक चालू ठेवा. बेसूर झालं तर बेसूर. गाणी त्यांना निवडू द्या. निवेदकाने कुणाच्या आजाराचं नाव घेऊ नये, गाण्याचं घ्यावं. आणि ऑर्केस्ट्राला मानधन देता ना? यांनाही द्या, गुच्छ आणि डब्यावर भागवू नका.

२०१५ साली व्हिएन्नात झालेल्या युरोव्हिजन या युरोपातल्या गाण्याच्या स्पर्धेत फिनलंडने आपला प्रतिनिधी म्हणून चार जणांचा पंक बँड पाठवला होता. चौघेही बौद्धिक अक्षमता असलेले, मोठ्या वयाचे पुरुष. गाणं १ मिनिट २७ सेकंदांचं, स्पर्धेच्या इतिहासातलं सगळ्यात छोटं. विषय काय, तर मला कायम भांडी घासावी लागतात, आवरावं लागतं, गोड खाऊ देत नाहीत. अंतिम फेरीत ते गेले नाहीत, पण देशाने त्यांना मतं देऊन पाठवलं होतं. तुमची मुलं काय गातील ते तुम्ही विचारून तर बघा.

वेळेचाही विचार करा. इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या अशाच एका बँडच्या लक्षात आलं की त्यांचे चाहते मैफल रंगात असताना रात्री नऊलाच उठून जातात, कारण सोबतच्या मदतनिसांची पाळी दहाला संपते. त्यावर त्यांनी मोहीमच उभी केली. आपल्याकडे पाळीच्या जागी लोकल आहे. दिव्यांगांचा डबा असला तरी संध्याकाळी फलाटावरून तिथवर पोचायचं कसं! कार्यक्रम ३ डिसेंबरलाच हवा असं नाही, जवळच्या रविवारी दुपारी ठेवा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २९मध्ये सांस्कृतिक जीवनात समान सहभागाबद्दल शासनाची आणि स्थानिक प्राधिकरणांची जबाबदारी सांगितली आहे. पालिकेकडे सभागृह मागताना अर्जात त्याचा उल्लेख करा.

गोरेगावहून एक बहीण: माझा २७ वर्षांचा भाऊ स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. गाण्याच्या गटात नेते. दहा मिनिटांनी उठतो आणि जिन्यात जाऊन उभा राहतो. तिथून शेवटपर्यंत ऐकतो. इतर पालक म्हणतात, त्याला जमत नाही, आणू नका.

शेवटपर्यंत ऐकतो म्हणजे आलेलाच आहे की! त्याची जागा जिन्यात आहे, एवढंच.

कशाने उठतो ते शोधा. माइकची शिट्टी, टाळ्या, पंख्याची घरघर, कुणाचं तरी पाठीवर थोपटणं. बहुधा एकच काहीतरी निघतं. माइक काढून टाकता येतो, टाळ्यांऐवजी हात हलवता येतात. कानावर लावायचे मफ ठेवा, पण लावायचे की नाही ते त्याला ठरवू द्या. आज कुठली गाणी, कुठल्या क्रमाने, किती वाजता संपणार, हे चित्रांच्या पट्टीवर दाराशी लावा. पहिलं आणि शेवटचं गाणं दर वेळी तेच ठेवा. त्याची खुर्ची दारालगत मांडा आणि जिन्यात जाताना कुणी ‘कुठे चाललास’ विचारायचं नाही असं सगळ्यांना सांगा. इलेक्ट्रॉनिक तानपुरा असेल तर तो दाराजवळ ठेवून चालू-बंद करायचं काम त्याला देऊन बघा. नको म्हणाला तर राहू दे.

इतर पालकांना मात्र स्पष्ट सांगा, त्याची महिन्याची वर्गणी भरलेली आहे आणि तो पुढच्या रविवारीही येणार आहे.