आधी बिल्टीवरची तारीख बघा

मालवणच्या एका ट्रॉलरमालकाने कोल्हापूरहून बोटीचं इंजिन मागवलं. फोंडाघाटाच्या वळणावर दोर तुटला, इंजिन फाळक्यावर आदळलं, गिअरबॉक्सला तडा गेला. ट्रान्सपोर्टवाला म्हणतो, अवकाळी पाऊस होता, देवाची करणी. आणि भरपाईचं विचारलं की ‘गणपती होऊ देत, मग बघू’. आता ती कशी वसूल करायची, असं या मालकाने मला पत्रात विचारलंय. इंजिनाच्या जागी आंब्याच्या पेट्या घाला, अशी पत्रं दरवर्षी येतात.

नायलॉनचा दोर भिजून सैल पडला, साखळी नव्हती, बेल्ट नव्हता, खाली ठोकळे नव्हते, यावर तुम्ही पत्रात दोन पानं खर्च केलीत. पण अशा दाव्यात वाहतूकदाराचा निष्काळजीपणा तुम्ही सिद्ध करायची गरजच नसते. आणि नीट काळजी घेऊन टळलं असतं, ते नुकसान पावसाच्या नावावर खपत नाही.

अडलंय ते तारखेवर. कॅरेज बाय रोड ॲक्ट, २००७ चं कलम १६ सांगतं की माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदाराला लेखी नोटीस मिळाली पाहिजे. नाहीतर दावा लावताच येत नाही. अपघात कधी झाला, माल कधी उतरला, याला इथे किंमत नाही. तुमची बिल्टी (माल बुक केल्याची पावती) १२ एप्रिलची, म्हणजे मुदत ९ ऑक्टोबरला संपते. आणि तुम्ही मला लिहिताय सप्टेंबरच्या अखेरीस! फोनवरची आश्वासनं म्हणजे नोटीस नव्हे. दाव्याला तीन वर्षं असतात हे तुम्हाला कोणी सांगितलं ते खरं आहे, पण नोटिशीशिवाय ती तीन वर्षं कोरडीच जातील. कलमात ‘इतर कायदेशीर कार्यवाही’ असेही शब्द आहेत, तेव्हा ग्राहक आयोगाची पळवाट धरू नका.

नोटीस उद्याच द्या. बिल्टी क्रमांक, नुकसान, रक्कम लिहा; स्पीड पोस्टाने पाठवा आणि एक प्रत वाहतूकदाराच्या ऑफिसात देऊन सही-शिक्का घ्या. बुकिंग विक्रेत्याच्या नावावर असेल तर त्याचीही सही असू द्या.

रक्कम किती मिळेल, ते आत्ता सांगत नाही. जादा जोखीम-दर (वाहतूकदाराने जास्त जबाबदारी घ्यावी म्हणून दिलेलं वाढीव भाडं) भरला नसेल तर भरपाई साधारणपणे भाड्याच्या दहापटीवर अडते. बिल्टी पाहिल्याशिवाय याहून पुढे बोलणं धाडसाचं. दोर विक्रेत्याच्या माणसांनी बांधला असेल तर वाहतूकदार त्यांच्याकडे बोट दाखवेल, तेही विचारून ठेवा. तुटलेला दोर आणि फोटो जपून ठेवा. इंजिन दुरुस्तीला देण्याआधी सर्व्हेयरकडून पाहणी करून घ्या.